एक जानेवारीची यादी



अणूविषयीच्या करारावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असा प्रश्न पत्रिका वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी होती, की हा गृहस्थ गिरण्यांच्या जमिनींवर बोलेल, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलेल. ते सगळे मी लालबाग-परळच्या नाक्यांवर गेली तीस वर्षे बोलतोच आहे, आणि त्यात खंड पडण्याचे काही चिन्ह नाही. आज मात्र निराळे काही सांगावयाचे आहे. पदार्थविज्ञान मला कळत नाही, हे आधीच कबूल करतो. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीतील कपाटात आणि शेवटच्या लोकलमध्ये. पण करार म्हणजे काय चीज असते, ते मला थोडेफार कळते. एकमेकांचे तोंड पाहावयास तयार नसलेली दोन माणसे एका कागदावर सही कशी करतात, आणि सही केल्यावर तो कागद कसा पाळतात किंवा मोडतात, हे पाहण्यातच माझे आयुष्य गेले.

तो करार असा. ३१ डिसेंबर १९८८ या दिवशी इस्लामाबाद येथे भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो हे त्या वेळी दोन्हीकडचे पंतप्रधान. सह्या परराष्ट्र सचिवांच्या, आपल्याकडून के. पी. एस. मेनन यांची आणि त्यांच्याकडून हुमायून खान यांची. हा करार जेमतेम पान-दीड पानाचा आहे. आमच्याकडे एखाद्या कारखान्याच्या उपाहारगृहाचा करार याहून लांब असतो! त्यात मुख्य गोष्टी दोनच. पहिली, दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या अणुकेंद्राचा नाश किंवा नुकसान होईल असे कृत्य करणार नाही, त्याला उत्तेजन देणार नाही, त्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भाग घेणार नाही. दुसरी, दरवर्षी १ जानेवारीपर्यंत प्रत्येकाने आपल्या अणुकेंद्रांचे अक्षांश-रेखांश दुसऱ्याला कळवावयाचे.

हा करार कशातून जन्मला तेही पाहा. ७ जून १९८१ रोजी इस्रायलच्या विमानांनी इराकची ओसिराक येथील अणुभट्टी उद्ध्वस्त केली. त्यानंतर आपल्या उपखंडात भीती पसरली, की उद्या हेच कोणी इथे करील. पाकिस्तानला कहुटाची काळजी होती. आणि कहुटावर घाव घातला तर उलट घाव कुठे पडेल, याचे उत्तर दिल्लीतल्या कोणालाही नकाशा न उघडता देता येत होते. ते उत्तर होते तुर्भे. डिसेंबर १९८५ मध्ये राजीव गांधी आणि झिया-उल्-हक यांच्यात तोंडी समझोता झाला, आणि तीन वर्षांनी तो कागदावर आला. अंमलात यायला २७ जानेवारी १९९१ उजाडले. तोवर राजीव गांधी सत्तेवर नव्हते आणि बेनझीरबाईही नव्हत्या. ज्यांनी करार घडवला ती दोन्ही सरकारे गेली आणि तरीही करार अंमलात आला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आमच्याकडे मॅनेजर बदलला की जुना करार पाळावयाचा की नाही यावरून पहिला तंटा सुरू होतो.

पहिल्या याद्यांची अदलाबदल १ जानेवारी १९९२ रोजी झाली. तेव्हापासून एकही वर्ष चुकलेले नाही. एक जानेवारीला आपण भिंतीवरचे जुने कालनिर्णय उतरवून नवे टांगतो, त्याच दिवशी दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी एक-एक लखोटा दिला जातो आणि एक-एक घेतला जातो. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात. मी त्या चार ओळी दरवर्षी शोधून वाचतो. घरच्या मंडळींना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो.

यामागे एक कारण आहे. नव्वदच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रसायनांच्या कारखान्यात आमचा मोठा संप झाला. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. आत अमोनियाचा प्लँट होता, क्लोरीनचा साठा होता. असल्या ठिकाणी संप असला तरी पाळीला काही माणसे आत असावीच लागतात. झडप गळू लागली तर ती बंद कोणी करावयाची? तेव्हा आम्ही आणि व्यवस्थापन यांच्यात ठरले, की रोज सकाळी संघटनेने पाळीला सात माणसांची यादी गेटवर द्यावयाची, त्यांना आत सोडावयाचे, आणि त्यांनी उत्पादनाला हात लावावयाचा नाही. बाकी बोलणी सगळी बंद होती. टाइम ऑफिसचा बाबू यादी घेताना माझ्याकडे पाहतसुद्धा नसे. अकराव्या दिवशी गेटवर लाठी चालली, आमच्या पोरांची डोकी फुटली, आणि रात्रीच्या सभेत सगळे ओरडू लागले, की उद्या यादी द्यायची नाही, होऊ द्या काय व्हायचे ते. त्या वेळी बॉयलरवरचा एक म्हातारा कामगार उठला. तो एवढेच म्हणाला, ‘माझे घर कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. मालकाचे नाही.’ दुसऱ्या दिवशी यादी गेली.

आता ही गोष्ट इथेच संपवली तर ती फार गोड होईल, म्हणून पुढचेही सांगतो. आठवडाभराने आमच्या ध्यानात आले, की सातांच्या जागी आत नऊ माणसे जात आहेत. दोन जण पॅकिंग खात्यात माल भरत होते. यादी आम्हीच देत होतो, पण आत जाणाऱ्यांची मोजणी करीत नव्हतो! मग गेटवर आमचा माणूस उभा केला, खडाजंगी झाली, आणि मोजणी सुरू झाली. संप आम्ही काही जिंकलो नाही. पण एक्केचाळीस दिवसांत क्लोरीनची एक झडपही गळली नाही.

भारत-पाकिस्तानच्या करारात ही मोजणी नाही. तपासनीस नाही, तक्रार कुठे करावयाची ते नाही, मुदत नाही, आणि करार सोडावयाचा झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची तेही नाही. आमच्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या १९व्या कलमात सोय होती, की मुदत संपली तरी करार चालू राहतो, आणि तो संपवावयाचा तर लेखी सूचना देऊन दोन महिने थांबावे लागते. दोन महिन्यांत डोकी थंड होतात, हा त्यातला शहाणपणा. या करारात तेवढीही जागा नाही. पहिल्या यादीतून दोन्ही बाजूंनी एकेक ठिकाण वगळल्याचा संशय तेव्हाच व्यक्त झाला होता, आणि त्याची शहानिशा करण्याचा कोणताही मार्ग करारात नव्हता.

तरीही तो टिकला. आणि कसल्या दिवसांत टिकला ते पाहा. मे १९९८ मध्ये दोघांनीही चाचण्या केल्या. १९९९ मध्ये कारगिल झाले. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला, दोन्ही सैन्ये सरहद्दीवर समोरासमोर उभी राहिली, आणि १ जानेवारी २००२ पासून रेल्वे बंद, बस बंद, एकमेकांच्या आकाशातून विमाने बंद. त्याच १ जानेवारीला याद्या मात्र दिल्या गेल्या.

आणि २००८. या सभागृहात गिरगावची मंडळी बसलेली आहेत, त्यांना मी काय सांगावे? २६ नोव्हेंबरची ती रात्र तुम्ही खिडक्या लावून काढलीत. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गावी जायला निघालेली माणसे पडली, कामा रुग्णालयात गोळ्या चालल्या, ताज जळत राहिले, १६६ माणसे गेली. आपल्या गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यानंतर ३६ दिवसांनी, १ जानेवारी २००९ रोजी, आपल्या सरकारने नेहमीप्रमाणे यादी दिली आणि घेतली. मला तेव्हा राग आला होता. ज्यांनी आमच्या शहरात माणसे मारली त्यांच्या देशाला आम्ही तुर्भ्याचा पत्ता लिहून देतो! मी आमच्या कचेरीत तसे बोललोही. पण घरी जाताना तो बॉयलरवरचा म्हातारा आठवला. भिंतीला लागून घर कोणाचे आहे? लाहोरच्या सेनापतीचे नाही आणि दिल्लीच्या मंत्र्याचेही नाही.

शिवडीच्या खाडीवर संध्याकाळी रोहित पक्षी पाहायला आपण जातो. समोर पलीकडे जो डोंगर दिसतो तो तुर्भ्याचा. त्याच्या पलीकडच्या अंगाला ४ ऑगस्ट १९५६ रोजी होमी भाभांच्या अमदानीत अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, आशियातील पहिली. १९६० मध्ये सायरस आली, ती २०१० च्या अखेरीस बंद झाली. १९८५ पासून ध्रुव आहे. परळपासून हे अंतर गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचे, पक्ष्याच्या वाटेने दहा-बारा किलोमीटर. चेर्नोबिलला १९८६ मध्ये स्फोट झाल्यावर ३० किलोमीटर त्रिज्येचा मुलूख माणसांवाचून रिकामा करावा लागला. तेवढेच वर्तुळ तुर्भ्याभोवती काढा. त्यात कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत सगळे येते, ठाणे येते, नवी मुंबई येते. अतिशयोक्ती मला करावयाची नाही. ध्रुव ही चेर्नोबिलच्या मानाने फार लहान, संशोधनाची भट्टी आहे, आणि दोन्हींचा अपघात सारखा नसेल. पण एवढ्या माणसांत लहान गोष्टही लहान राहत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाची एकच बोट फुटली होती. तिच्यात कापूस आणि सुमारे १४०० टन दारूगोळा एकत्र भरलेला होता. शेकडो माणसे गेली, ६६ अग्निशामक जवान गेले, मांडवीचे मोहल्ले जळले. आमच्या चाळीतले म्हातारे त्या दिवसाची गोष्ट सांगताना अजून आवाज खाली करीत. मुंबई रिकामी कशी करतात, याचे उत्तर तेव्हा कोणाजवळ नव्हते आणि आजही नाही. सकाळच्या गर्दीत दादरचा पूल रिकामा होत नाही, तिथे शहराची काय कथा!

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. हा करार पुढे टिकेल काय?

दोन वर्षांपूर्वी कोणी विचारले असते तर मी बेधडक ‘हो’ म्हटले असते. त्या वेळी माझा दाखला असा असे, की १९६० चा सिंधू पाणी करार पाहा. १९६५ चे युद्ध झाले, १९७१ चे झाले, कारगिल झाले, पण तो मोडला नाही. हा दाखला आता मला देता येत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला निरपराध पर्यटकांना वेचून मारण्यात आले. त्यात आपल्या डोंबिवलीचे, पुण्याचे लोक होते. दुसऱ्याच दिवशी भारताने सिंधू करार स्थगित ठेवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने जाहीर केले, की सिमला करारासह सर्व द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. ‘सर्व’ हा शब्द ऐकताच माझ्या पोटात गोळा आला, कारण सर्वांत हाही येतो. पहलगामच्या मारेकऱ्यांना पाठीशी घालणाऱ्यांना जाब विचारू नये असे मी म्हणत नाही, आणि कोणी तसे म्हटले तर मला ते पटणारही नाही. मी फक्त एवढेच नोंदवतो, की जो कागद पासष्ट वर्षे कोणी हलवू शकले नव्हते तो चोवीस तासांत बाजूला ठेवता येतो, हे आता दोन्ही बाजूंना कळले आहे. आणि एकदा कळलेली गोष्ट विसरता येत नाही.

मग ७ मे आला. क्रॉस मैदानावर भोंगे वाजले, अणुशक्तीनगरात दिवे घालवून सराव झाला. पुढचे तीन-चार दिवस क्षेपणास्त्रे आणि ड्रोन इकडून तिकडे गेले. १० मे रोजी गोळीबार थांबला. त्यानंतर किराणा टेकड्यांतील अणुसाठ्यावर भारताने प्रहार केल्याची अफवा पसरली. १२ मे रोजी आपल्या हवाई दलाचे एअर मार्शल भारती यांनी पत्रकारांसमोर तिचा साफ इन्कार केला, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही पाकिस्तानातील कोणत्याही अणुकेंद्रातून किरणोत्सर्ग झालेला नाही असे सांगितले. त्या पत्रकार परिषदेत लोक हसले, कारण भारतींनी उत्तर मिस्कीलपणे दिले होते. मलाही हसू आले. पण हसण्यासारख्या त्या दोन दिवसांत आमच्या भागातल्या कितीतरी मोबाइलवर ‘अणुकेंद्र उडवले’ असा आनंद फिरत होता, आणि तो फिरवणारी काही मुले चेंबूरला राहणारी होती!

आणि तरीही १ जानेवारी २०२६ रोजी याद्या गेल्या. पस्तिसाव्यांदा. २०१९ पासून दोन्ही राजधान्यांत पूर्ण दर्जाचे उच्चायुक्त नाहीत, वकिलातींतली माणसे कमी केलेली, सिंधू करार स्थगित, वाघ्याचे फाटक बंद. पण लखोटा गेला.

असे का व्हावे? मला सुचते ते सांगतो. इराणशी सहा बड्या राष्ट्रांनी जुलै २०१५ मध्ये केलेला करार १५९ पानांचा होता. त्यात तपासनीस होते, मोजमाप होते, पंचायत होती. अमेरिका तीन वर्षांच्या आत, मे २०१८ मध्ये, त्यातून बाहेर पडली. शेवटी जून २०२५ मध्ये आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवरच बाँब टाकले. अमेरिका-रशियांच्या मोठ्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या शेवटच्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ रोजी संपली. हे जाडजूड करार गेले आणि आपला दीड पानाचा राहिला, याचे कारण तो कोणाकडून काही सोडवून घेत नाही. एकही बाँब कमी करा असे तो म्हणत नाही. फक्त म्हणतो, इथे हात लावू नका. असे करार स्वस्त असतात आणि म्हणून टिकतात. पण त्यांची खरी परीक्षाही होत नाही. ज्या दिवशी कोणाला हात लावण्यात फायदा दिसेल, त्या दिवसापर्यंत तो अबाधित आहे असे समजावयाचे. आणि १९८१ मध्ये ज्या कृत्याची जगाला धास्ती वाटली, ते २०२५ मध्ये महासत्तेने उघडपणे केले, ही गोष्ट दिल्लीत आणि रावळपिंडीत कोणी वाचली नसेल असे नाही.

करारात भोकेही आहेत. बाँब ठेवण्याच्या कोठारांचा स्पष्ट उल्लेख त्यात नाही. चाचणीआधी परस्परांना कळवण्याचा २००५ चा करार आहे, पण तो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता. ९ मार्च २०२२ रोजी आपले ब्रह्मोस चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले, तो प्रकार त्यात बसत नाही. सुदैवाने त्यात स्फोटके नव्हती आणि कोणी दगावले नाही. एखादे ड्रोन भरकटले आणि केंद्राच्या आवारात पडले तर तो हल्ला की अपघात, हे कोण ठरवणार, कोणाला फोन करणार? ‘अप्रत्यक्ष’ आणि ‘उत्तेजन’ हे शब्द मात्र ज्याने घातले त्याची पाठ थोपटली पाहिजे. उद्या बोटीतून दहा माणसे गोदीऐवजी तुर्भ्याच्या धक्क्याला लागली, तर ‘ती आमची नव्हेत’ असे म्हणून पाकिस्तानला सुटता येणार नाही. निदान कागदावर तरी नाही.

जानेवारी १९९४ मध्ये भारताने पाकिस्तानला सहा टिपणे दिली होती. त्यांत एक सूचना अशी होती, की हा करार वाढवून त्यात लोकवस्तीची शहरे आणि आर्थिक महत्त्वाची ठिकाणेही घ्यावीत. म्हणजे भट्टीप्रमाणे भट्टीशेजारच्या माणसालाही यादीत जागा द्यावी. ती सूचना तशीच पडून राहिली. तीस वर्षांहून अधिक काळ झाला. आमच्या लेखी ती मागणी अजून जिवंत आहे. मागणीपत्रातले कलम एकदा नाकारले म्हणून आम्ही ते खोडत नाही, पुढच्या करारात पुन्हा घालतो.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. आपली यादी पाकिस्तानच्या कचेरीत आहे, त्यांची आपल्या. तुम्हाआम्हाला मात्र ती पाहता येत नाही. सरकार फक्त ‘अदलाबदल झाली’ एवढेच सांगते. गुप्तता समजू शकतो. पण किराणा टेकड्यांसारखी अफवा उठते तेव्हा करार काय म्हणतो एवढे तरी लोकांना आकाशवाणीवरून सांगावे, आणि तुर्भ्याच्या परिसरातील वस्त्यांना संकटाच्या वेळी कुठे जावयाचे ते शाळेत, चाळीत, मंडळात समजावून द्यावे, ही मागणी काही राष्ट्रद्रोहाची नव्हे. गणपतीच्या मंडपात आपण दरवर्षी देखावे करतो. एखाद्या वर्षी हा विषय घेतला तर काय बिघडले?

घंटा झाली आहे, तेव्हा एकच सांगून बसतो. त्याच १ जानेवारीला आणखी एका यादीची अदलाबदल होते. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, आपल्या तुरुंगांत असलेल्या दुसऱ्या देशाच्या कैद्यांची आणि मच्छीमारांची नावे कळवतात. त्यांत आपल्या पालघर जिल्ह्यातील खलाशी असतात. गुजरातच्या बोटींवर मजुरीला गेलेले, समुद्रात रेघ नसल्यामुळे पलीकडे सापडलेले. तारापूरची भट्टी त्याच जिल्ह्यात, त्याच किनाऱ्यावर. एका लखोट्यात त्या भट्टीचे अक्षांश-रेखांश, दुसऱ्यात तिच्या शेजारच्या गावच्या माणसाचे नाव. पहिल्या लखोट्याची बातमी चार ओळींची येते, दुसऱ्याची कधी दोन. त्या खलाशांपैकी काहींच्या घरची मंडळी आमच्या कचेरीत येतात, यादीत नाव आले का म्हणून विचारतात. जुलैची यादी आली की पुन्हा येतील.